सरांपुढे खुर्चीत कसं बसावं

शाळा सुटली की विद्यार्थी मोकळा होतो, हा समज मुलांनीच पसरवलेला आहे. शाळा सुटते, कॉलेज सुटतं, पदवी मिळते, नोकरी लागते, केस जातात. सर मात्र सुटत नाहीत. शनिवारी सकाळी ते पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी घेऊन उभे असतात आणि आपण सिग्नल तोडून नेमके त्यांच्याच पुढ्यात येऊन थांबतो. पोलीस असता तर चार सबबी सांगितल्या असत्या. सरांपुढे तोंडातून एवढंच निघतं, "सर, तुम्ही इकडे कुठे?" वास्तविक सर झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत असतात आणि 'इकडे कुठे' हा प्रश्न त्यांनी आपल्याला विचारायला हवा असतो.

माजी शिक्षकाशी कसं वागावं, याचे नियम कोणी घालून दिलेले नाहीत. बाकी सगळ्याचे आहेत. विहिणीला आधी कोणी वाढायचं, बारशाला काय न्यायचं, दहाव्याला किती वेळ बसायचं, हे आपल्या आज्ज्या सांगून गेल्या. पण ज्यांनी आपल्याला भर वर्गात बाकावर उभं केलं, त्यांच्याच घरी सोफ्यावर पाठ टेकून बसायचं की कसं, हे एकाही आजीने सांगितलं नाही. त्यामुळे हाताखाली तीस माणसं असलेला, दोन मुलांचा बाप असलेला मॅनेजर सरांकडे गेला की सोफ्याच्या पुढच्या चार इंचांवर बसतो. मागे सरकायची भीती वाटते आणि पुढे सरकला तर पडेल. काकू चहा घेऊन आल्या की तो उठून उभा राहतो. कप घेऊन पुन्हा चार इंच शोधतो.

विश्रांतवाडीत हा पेच वारंवार पडतो, त्याला कारण आहे. पेठांमधल्या आणि गावाकडच्या शाळांतून निवृत्त झालेल्या कित्येक मास्तरांनी फंडाच्या पैशात बसेल तो फ्लॅट धानोरी रोड, टिंगरेनगर, कळस या बाजूला घेतला. तेव्हा इकडे यायचं म्हटलं की स्टेशनवरचा रिक्षावाला तोंड फिरवायचा. पुढे येरवडा, विमाननगर, खराडी इथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत काम करणारी मुलंही कर्जाचा हप्ता परवडेल असं घर शोधत इथेच आली. सर आणि विद्यार्थी असे वीस-पंचवीस वर्षांनी एकाच जिन्यावर येऊन भेटले. (विश्रांतवाडी या नावावरून निवृत्त लोकांचा विनोद पाहुण्यांना हमखास सुचतो. त्यांना संध्याकाळी सात वाजता चौक ओलांडायला लावावं. परत करत नाहीत.)

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर गणिताचे सर आणि पाचव्यावर त्यांचा विद्यार्थी राहतो. सोसायटीचं नाव सांगत नाही, कारण दोघेही हे वाचतील आणि त्यातले एक जण तपासून परत पाठवतील. विद्यार्थी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ऑफिसात तो अमेरिकेतल्या क्लायंटला दटावून बोलतो, बिल्डरला त्याने ग्राहक मंचात खेचलं होतं, वॉचमन त्याला पाहून विडी विझवतो. अशा माणसावर एकदा प्रसंग आला. सर मुलीकडे बंगळुरूला गेले होते आणि त्यांचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स राहिला. थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. नोटीस काढणं भाग होतं. सेक्रेटरीने नोटीस टाइप केली, सही केली आणि खिशात ठेवून दिली. पुढे कित्येक दिवस तो लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा करत होता. लिफ्टमध्ये सर भेटले तर काय, ही धास्ती. जिना दुसऱ्या मजल्यावरूनच जातो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. मग त्या मजल्यावर तो चपला हातात घेऊ लागला.

शेवटी वॉचमनच्या हाती नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, सोबत चेक. नोटिशीवर लाल शाईने गोल केलेला होता. व्याज कमी लावलं गेलं होतं. सरांनी बरोबर हिशेब करून जास्तीचे पैसे भरले होते आणि खाली लिहिलं होतं, "सरळव्याज. इयत्ता सातवी. उदाहरण पुन्हा सोडवणे." सेक्रेटरीने ते सोडवलं. मला त्याने ते दाखवलं तेव्हा उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

त्याच सोसायटीच्या वार्षिक सभेत सरांनी पाण्याच्या टँकरच्या खर्चावर प्रश्न विचारला. सेक्रेटरी उत्तर द्यायला ताडकन उभा राहिला. सभेत कोणीच उभं राहून बोलत नव्हतं. सर म्हणाले, "बसून सांगितलंस तरी चालेल." तो बसला आणि उत्तर विसरला.

मला यात गंमत वाटते ती अशी, की या दोघांच्या नात्यात बढती नावाची गोष्टच नाही. कारकुनाचा साहेब होतो, शिपायाचा जमादार होतो, सुनेचीसुद्धा कधी तरी सासू होते. विद्यार्थ्याचा मात्र फार तर माजी विद्यार्थी होतो. काही जण बढतीसाठी अर्ज करून पाहतात. "सर, आता आपण मित्रच," असं पाठीवर थाप मारून म्हणतात. सर हसतात, थाप खातात आणि विचारतात, "मराठी सुधारलं का तुझं?"

अमेरिकेत पीएचडी करणारी मुलं आपल्या गाइडला सरळ नावाने हाक मारतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. धानोरीचा एक मुलगा तिकडे गेला आणि महिनाभर गाइडला हाकच मारली नाही. खाकरून काम भागवलं. स्वीडनमध्ये तर १९६७ साली आरोग्य खात्याच्या प्रमुखाने, ब्रोर रेक्सेद यांनी, आपण खात्यातल्या सगळ्यांशी एकेरीत बोलणार असं जाहीर केलं आणि थोड्याच वर्षांत सगळा देश अरे-तुरेवर आला. विश्रांतवाडीत ही सुधारणा अर्धी झालेलीच आहे. सर सगळ्यांना अरे-तुरेच करतात. अडलंय ते फक्त आपल्या बाजूने.

खरा घोळ होतो तो सर एखाद्याला 'तुम्ही' म्हणू लागले तर. नगररचना नाहीतर महसूल, अशा कुठल्याशा कार्यालयात सर सातबाऱ्याचा कागद घेऊन जातात आणि टेबलापलीकडच्या माणसाला "साहेब, जरा बघता का" म्हणतात. साहेब मान वर करतात आणि त्यांना आठवी ब दिसते. अशा वेळी क्षणाचाही विचार न करता उठून उभं राहावं. खुर्ची मागे पडली तरी चालेल, तिचा आवाज हाच आदर समजला जातो. जो बसून राहतो आणि "बोला गुरुजी" म्हणतो, त्याची गोष्ट सर पुढे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतात. नावानिशी सांगतात.

पाया पडण्याबद्दलही एकवाक्यता नाही. आमच्या पिढीने गुडघ्यापर्यंतचा नमस्कार शोधून काढला. यात कमरेतून किंचित वाकायचं, उजवा हात सरांच्या गुडघ्याच्या दिशेने न्यायचा आणि "असू दे, असू दे" ऐकू येईल तिथे थांबायचं. "असू दे" उशिरा आलं तर पंचाईत होते. काही बाई ते मुद्दाम उशिरा म्हणतात. शिवाय गुडघ्याचं ऑपरेशन झालेले सर, समोरून कोणी गुडघ्याकडे झेपावलं की दोन पावलं मागे होतात.

या बाबतीत वर्षातला एक दिवस भलताच असतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि दुसऱ्या दिवशी ती दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर करत पुण्यात येते. त्या दिवशी आळंदी रस्त्यावर दर दहा पावलांवर कोणी ना कोणी चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटत असतं. माझा एक मित्र असाच सोसायटीच्या मंडपात लाडवांची परात घेऊन उभा होता. दिंडीतून टोपी, बुक्का, गळ्यात वीणा नव्हे पण पाण्याची बाटली, असे इतिहासाचे सर आले. मित्राने लाडू पुढे केला. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठा पाहत नाहीत. सर "माउली" म्हणत सरळ त्याच्या पायांशी वाकले. मित्र किंचाळून मागे उडाला. परात गेली, लाडू गेले, मागच्या काकू थोडक्यात वाचल्या. "सर, मी! आठवी क!"

"ओळखलं रे," सर वाकलेलेच होते. "आज तरी जागेवर उभा राहा."

तो उभा राहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाकावर उभं राहण्याची शिक्षा यापेक्षा पुष्कळ सोपी होती.

आता ओळखण्याचा मुद्दा. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेतला विद्यार्थी पुरात घर गेल्यावर 'ओळखलंत का' विचारत सरांकडे येतो आणि पैसे नाकारून पाठीवर हात एवढंच मागतो. महाराष्ट्रातल्या समस्त माजी विद्यार्थ्यांचा भाव त्या कवितेने वाढवला. प्रत्यक्षात आलेल्या विद्यार्थ्यांनी तो बराच उतरवला. दार वाजतं, दारात सुटाबुटातला मुलगा, सरांचा हात मायेने त्याच्या पाठीकडे जातो, तेवढ्यात त्या हातात विमा पॉलिसीचा फॉर्म येतो. कोणी म्युच्युअल फंड आणतो, कोणी पाण्याचं यंत्र, कोणी पंचगव्याच्या गोळ्यांची साखळी योजना. मुलीच्या लग्नाची पत्रिका आणणारा त्यातल्या त्यात सज्जन म्हणायचा. जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला की आताशा सर आधी "बोल, बरा आहेस ना" म्हणतात आणि मग जरा थांबतात. त्या थांबण्यात मोठा अनुभव असतो.

आणि दारात उभं राहून "सांगा बघू मी कोण?" असं विचारणाऱ्याला आत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गात साठ मुलं, पाच-सहा तुकड्या, तीस-पस्तीस वर्षांची नोकरी. गुणाकार सरांनीच शिकवलाय, करून बघावा. ज्या माणसाने आयुष्यभर आपली परीक्षा घेतली त्याची आपण अभ्यासक्रम न सांगता तोंडी परीक्षा घ्यायची, याला काय म्हणावं? सरांनीही यावर तोडगे काढलेले आहेत. "तू तो खिडकीशी बसणारा ना?" हा एक. शाळेत खिडक्या पुष्कळ असतात. "आई कशी आहे?" हा दुसरा. एक बाई तर समोरच्याचं सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुझं अक्षर मला अजून आठवतं." यावर आजवर एकाही विद्यार्थ्याने बाईंना पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

तेव्हा दार उघडताच नाव, आडनाव, तुकडी आणि दहावीचं वर्ष सांगून टाकावं. लष्करात सांगतात तसं. पहिल्या पाचातले आणि शेवटच्या पाचातले सरांना आठवतात; मधले आपण पन्नास जण कोणालाच आठवत नाही आणि त्यात अपमान मानायचं काही नाही. उलट मधल्यांचा एक फायदा असतो. त्यांच्या बायकोसमोर सांगण्यासारखं सरांकडे काही नसतं. शेवटच्या पाचातल्या एकाने नव्या नवरीला घेऊन सरांच्या पाया पडायला जायचं धाडस केलं होतं. काकूंनी पोहे करेपर्यंत सरांनी तिमाहीच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही कोणी केली होती, ते तपशिलात सांगितलं. नवरी घरी येऊन म्हणाली, "सर फार छान आहेत. आपण दर महिन्याला जाऊ या."

व्हॉट्सअ‍ॅपने सगळं आणखी अवघड केलं. दहावीच्या बॅचचा ग्रुप असतो, त्यात काय चालतं ते सांगायला नको. एके दिवशी कोणाला तरी भरून येतं आणि तो बाईंना ग्रुपमध्ये घेतो. त्या क्षणी ग्रुप जातो तो सुतकात. दोन दिवस नुसते फुलांचे गुच्छ आणि सुविचार. तिसऱ्या दिवशी त्याच मंडळींचा 'फक्त आपण' नावाचा दुसरा ग्रुप तयार होतो आणि पहिल्यावर बाई आणि त्यांना घेणारा असे दोघेच गप्पा मारत राहतात. त्यातही मराठीच्या बाई असतील तर प्रत्येक वाढदिवसाला रक्तपात ठरलेला. 'हार्दीक शुभेच्छा' असं कोणी लिहिलं की पाच मिनिटांत खाली येतं, 'हार्दिक. दि ऱ्हस्व.' महाराष्ट्रात शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. अठराच्या अठरा नियम आमच्या एका ग्रुपने वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून पूर्ण केले. शाळेत सहा झाले होते.

लिंक्डइनचा मामला निराळा. तिथे कॉलेजचे सर स्वतःहून विनंती पाठवतात. आपण ती स्वीकारतो आणि ते संकेतस्थळ आपल्याला नम्रपणे विचारतं, या गृहस्थांना गणित येतं याची तुम्ही ग्वाही द्याल का? ज्यांनी आपल्याला एम-थ्री या गणिताच्या पेपराला दोनदा बसवलं, त्यांना गणित येतं अशी ग्वाही आपण देणार. मी त्या बटणाकडे बराच वेळ पाहिलं आणि फोन बाजूला ठेवला. आपली पात्रता नाही.

बॅचचा स्नेहमेळावा लोहगावच्या बाजूच्या एखाद्या लॉनवर असतो. हल्ली जानेवारीत लग्नाच्या तारखा कमी आणि स्नेहमेळाव्यांच्या जास्त, असं लॉनवाले सांगतात. बॅनरवर दोन मराठी वाक्यं आणि तीन चुका असतात. बाईंना खुर्ची पुढे, शाल, श्रीफळ आणि एक घड्याळ, ज्याच्या तबकडीवर सगळ्या बॅचचा फोटो असल्यामुळे किती वाजले ते कळत नाही. मग कोणीतरी बाईंना हजेरी घ्यायला लावतो. पन्नाशीची माणसं "हजर बाई" असं ओरडतात आणि एखादा डोळे पुसतो. इथवर सगळं ठीक असतं. शालींचं मात्र काही तरी केलं पाहिजे. निवृत्त शिक्षकाच्या कपाटात शालींचा एक खण असतो आणि पुण्याच्या हवेत त्यांतली एकही लागत नाही. त्या इतरांच्या सत्काराला वापरल्या जातात. एका बाईंनी दिलेली शाल दोन वर्षं फिरून एका मेळाव्यात त्यांच्याच खांद्यावर आली. इस्त्रीची घडी त्यांचीच होती, म्हणून ओळखली.

जेवणानंतर मारकथा सुरू होतात. या प्रकाराचा मात्र मला खरंच कंटाळा आहे. "सरांनी मला असा फोडला होता" हे माणसं अभिमानाने सांगतात, छडीची लांबी वाढवत नेतात, "म्हणून तर घडलो" असं म्हणतात आणि टाळ्या घेतात. सरांकडे कोणी बघत नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. सर नोकरीत असतानाच काळ बदलला, त्यांनी छडी ठेवून दिली, बहुधा थोड्या अपराधी भावनेनेच. आता शेजारी नात बसलेली असते आणि ती विचारते, "आजोबा, तुम्ही मारायचात?" सर पाण्याचा ग्लास उचलतात. तुम्ही घडलात ते छडीने घडलात की बाकीचे सगळे दिवस सरांनी घसा कोरडा केला त्याने, हे एकदा घरी बसून ठरवा. आणि तो किस्सा पुढच्या मेळाव्यात गाळा.

मेळाव्यात जमलेल्या पैशातून शाळेला पंखे देतात. पात्यांवर देणगीदारांची नावं इतक्या जाड अक्षरांत असतात, की पंखा एक नंबरवर ठेवला तर वर्गाला पाढ्यांऐवजी तीच पाठ होतात. माजी विद्यार्थ्यांनी काय करावं याचा एक नमुना आपल्याच रस्त्यावर आहे. विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने शहराकडे निघालं की डेक्कन कॉलेज लागतं. टिळक, आगरकर इथलेच विद्यार्थी. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केलं. तेव्हा जुने विद्यार्थी सरकारविरुद्ध कोर्टात गेले आणि नेट लावून १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडून घेतलं. तिथल्या पंख्यांवर त्यांची नावं नाहीत.

राहता राहिल्या किरकोळ बाबी. टपरीवर सिगारेट ओढताना सर दिसले तर ती टाकून द्यावी, वय कितीही असो. बोटांत तशीच लपवून नमस्कार करणाऱ्यांच्या खिशांना भोकं पडलेली मी पाहिली आहेत. लग्नाच्या रिसेप्शनला मागच्या बाजूला, जिथे सरबताखेरीज काही मिळतं, तिथे सर स्वतःच ग्लास घेऊन दिसले तर दोघांनीही एकमेकांना ओळखू नये. दुसऱ्या दिवशी चौकात भेटल्यावर "बऱ्याच दिवसांनी" म्हणावं. अमृततुल्यात चहाचे पैसे सरांना देऊ द्यावेत. त्यांनी पाकिटातून मोजून नाणी काढली की आपला फोन कोडपुढे नाचवू नये. मिठाई नेऊ नये, सरांना साखर असते आणि ती काकूंच्या नजरेखाली असते. सफरचंदंही नकोत; सर आपलंच काही बिघडलंय का म्हणून विचारात पडतात. 'चितळे मास्तर' ज्यात आहेत ते 'व्यक्ती आणि वल्ली' तर अजिबात भेट देऊ नये. प्रत्येक मराठी शिक्षकाकडे त्या पुस्तकाच्या किमान चार प्रती विद्यार्थ्यांनीच पोचवलेल्या आहेत.

मुख्य गोष्ट जायची आहे आणि ती काम नसताना जायची आहे. पत्रिका नाही, पॉलिसी नाही, मुलाच्या ॲडमिशनसाठी शब्द टाकायला नाही. रिकाम्या हाताने गेलेला विद्यार्थी सरांना सगळ्यांत भारी वाटतो, कारण तो आलाय ते फक्त यायचं म्हणून.

आणि वेळेत जायचं आहे. विश्रांतवाडीच्या मुख्य चौकाला मुकुंदराव आंबेडकरांचं नाव आहे. ते बाबासाहेबांचे पुतणे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक. १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवलं, समारंभ ५ जूनला. राज्यघटना होऊन गेली होती, मंत्रिपद सोडून झालं होतं, वयाची साठी उलटली होती, आणि हा विद्यार्थी न्यूयॉर्कला निघाला तो ड्यूईंना भेटायची आस धरून. ड्यूई १ जूनला गेले. बाबासाहेब तेव्हा प्रवासात होते. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य या माणसाचं देणं आहे, असं त्यांनी पत्नी माईसाहेबांना पत्रातून कळवलं. ड्यूई ९२ वर्षांचे होते. एवढं दीर्घायुष्य लाभलेले सरसुद्धा कधी कधी चार दिवस कमी पडतात.

ज्यांना काहीच निमित्त नसताना जायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी सरकारने एक सोय केलेली आहे. पेन्शनधारकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' म्हणून घरबसल्या ऑनलाइनही देता येतो. त्यासाठी आधार क्रमांक, मोबाइल आणि थोडी चिकाटी लागते. सरांकडे पहिल्या दोन गोष्टी असतात. चिकाटी त्यांनी आपल्यावर खर्च केली. फोनपुढे चेहरा धरला की ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. इथेच बहुतेक सर अडकतात. तीस-पस्तीस वर्षं वर्गाकडे पापणी न हलवता पाहिलेलं असतं, सवय जात नाही. तेव्हा आपण शेजारी बसून एखादी जुनी खोडी कबूल करावी. सर हसतात, डोळे मिटतात, दाखला होतो. सर हयात आहेत अशी सरकारदरबारी नोंद करायचं काम विद्यार्थ्याच्या हातून झालं की काकूही खुश होतात.

मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत असते. पहिल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. सरांनी कुठलाच गृहपाठ कधी मागे ठेवलेला नाही, त्यामुळे ते १ तारखेलाच बँकेच्या रांगेत उभे असतात. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत फोन करा. दुपारी एक ते चार सोडून.